'लाइफ इन द यूके'मध्ये २४ पैकी १६ आले: आता पुस्तक पाठ करू का?

ताई, तुमचा प्रश्न आधी नीट मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. नवऱ्याच्या वर्क व्हिसावर तुम्ही डिपेंडंट आहात, पाच वर्षं होत आली आणि दोघांचा मिळून आयएलआरचा (यूकेत कायम राहायच्या परवान्याचा) अर्ज करायचाय. त्यासाठी लागणारी 'लाइफ इन द यूके'ची परीक्षा एकदा दिली, १६ आले, म्हणजे दोन उत्तरांनी हुकली. मोबाइलवरच्या सरावात मात्र २१-२२ येत होते. शिक्षण मराठी माध्यमात झालं, सनावळ्या डोक्यात टिकत नाहीत आणि हाताशी वीस दिवस आहेत. अख्खं पुस्तक पाठ करायचं का, पासपोर्टवरच्या नावाची अडचण येईल का आणि नागरिकत्वाच्या वेळी हे सगळं पुन्हा करावं लागेल का, असं तुम्ही विचारलंय.

सरावात २२ आणि प्रत्यक्षात १६, एवढी तफावत पडली की मी स्मरणशक्तीला दोष देत नाही. शिकवताना हा नमुना सतत दिसतो आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. ॲपमधले तेच तेच प्रश्न चार-पाचदा फिरून येतात, मग डोळ्याला उत्तराची जागा आणि आकार ओळखीचा होतो. प्रश्न पुरता वाचायच्या आत बोट बरोबर पर्यायावर पडतं. खऱ्या परीक्षेत तीच माहिती उलट्या बाजूने विचारतात आणि तिथे हात थांबतो. तुमचे प्रश्न पाठ झालेत, पुस्तक वाचायचं राहिलंय. वीस दिवसांत ते होण्यासारखं आहे.

परीक्षेचा हिशोब तुम्हाला माहीत असेलच: ४५ मिनिटांत २४ प्रश्न आणि त्यातले किमान १८ बरोबर. एका प्रश्नाला जवळजवळ दोन मिनिटं मिळतात, त्यामुळे घाई करायचं कारणच नाही. सगळे प्रश्न सरकारच्या अधिकृत पुस्तकावरून येतात. तिसरी आवृत्ती, २०१३ सालची, पाच प्रकरणांची. पहिली दोन प्रकरणं छोटी आहेत: मूल्यं, आणि यूके म्हणजे नेमकं काय. तिसरं इतिहासाचं, चौथं आजच्या समाजाचं (खेळ, सण, कला, प्रेक्षणीय ठिकाणं) आणि पाचवं सरकार व कायद्याचं. तिसरं आणि चौथं ही दोन जाडजूड प्रकरणंच बहुतेकांना अडवतात. पुस्तकाच्या सुरुवातीला एक वाक्य आहे, ते फार कमी लोक वाचतात: कोणाच्याही जन्माच्या किंवा मृत्यूच्या तारखा लक्षात ठेवायची गरज नाही. तुम्ही वहीत शेक्सपिअरपासून चर्चिलपर्यंत सगळ्यांच्या जन्म-मृत्यूची साल लिहून काढलीत असं म्हणता. ती पानं आजच बाजूला ठेवा.

राहिल्या घटनांच्या सनावळ्या. त्या सुट्या पाठ केल्या की सुट्याच निसटतात. इतिहासाच्या प्रकरणाला एक धागा आहे: सत्ता राजाच्या हातातून पार्लमेंटकडे आणि पार्लमेंटकडून सामान्य मतदाराकडे कशी आली. तो धरून वाचा. १२१५ मध्ये सरदारांनी किंग जॉनला मॅग्ना कार्टा मान्य करायला लावला: राजाही कायद्याखाली. पुढे पहिल्या चार्ल्सने ते मानलं नाही. देवानेच आपल्याला राज्य दिलंय या समजुतीने त्याने अकरा वर्षं पार्लमेंट न बोलावता कारभार केला. स्कॉटलंडमध्ये बंड झालं, सैन्याला पैसा हवा झाला, तेव्हा पार्लमेंट बोलावणं भाग पडलं. १६४२ मध्ये पाच सदस्यांना पकडायला तो स्वतः हाऊस ऑफ कॉमन्समध्ये शिरला, पण त्यांना आधीच कुणकुण लागली होती आणि ते निघून गेले होते. त्यानंतर आजतागायत एकाही राजाने किंवा राणीने कॉमन्सच्या सभागृहात पाऊल ठेवलेलं नाही. एवढं एक दृश्य डोळ्यांपुढे आणलं की पुढचं आपोआप लागतं. यादवी युद्ध, १६४९ मध्ये चार्ल्सचा शिरच्छेद, मग राजाशिवाय क्रॉमवेलचा कारभार, १६६० मध्ये दुसऱ्या चार्ल्सला परत बोलावणं, १६८८ मध्ये दुसऱ्या जेम्सची हकालपट्टी आणि १६८९ मध्ये राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारं बिल ऑफ राइट्स. पहिला जॉर्ज १७१४ ला जर्मनीहून आला, त्याचं इंग्रजी बेताचं, म्हणून तो मंत्र्यांवर विसंबला. त्यातूनच १७२१ पासून रॉबर्ट वॉलपोल पहिला पंतप्रधान ठरला. कारण कळलं की साल चिकटतं.

तुमच्या-माझ्यासारख्या माणसांकडे एक जास्तीचं भांडवल आहे. आपल्याला शाळेपासून शिवकाळाच्या सनावळ्या पाठ आहेत. त्यांना इंग्लंडच्या सनावळ्या बांधून टाका. १६६६ ला महाराज आग्र्याहून निसटले, ते ऑगस्टमध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लंडनची मोठी आग. महाराजांचं निधन १६८० चं. त्याच्या आदल्या वर्षी, १६७९ ला, हेबियस कॉर्पस कायदा झाला: कोणालाही बेकायदा डांबून ठेवता येणार नाही. १६८९ म्हणजे संभाजी महाराजांचं बलिदान, आणि त्याच वर्षी बिल ऑफ राइट्स. १७०७ ला औरंगजेब नगरजवळ मेला, आणि त्याच वर्षी इंग्लंड व स्कॉटलंड एक होऊन ग्रेट ब्रिटन झालं. १८३२ च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं, त्याच वर्षी मताधिकार वाढवणारा पहिला रिफॉर्म ॲक्ट. १८८२ ला ताराबाई शिंदे यांनी स्त्रियांवरच्या अन्यायाविरुद्ध पुस्तक लिहिलं, त्याच वर्षी इकडे विवाहित स्त्रीला स्वतःची कमाई आणि मालमत्ता स्वतःकडे ठेवायचा हक्क देणारा कायदा झाला (पहिला १८७० चा, तो अपुरा होता). १९४२ ला आपल्याकडे चले जाव, इकडे समाजकल्याणाबद्दलचा बेव्हरिज अहवाल.

काही ठिकाणी दुवा नुसता योगायोगाचा नाही, खराच आहे. १६६० ला परत आलेल्या दुसऱ्या चार्ल्सनेच पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न केलं आणि मुंबई आंदण म्हणून घेतली. वॉटर्लूला १८१५ मध्ये नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तोच वेलस्ली, ज्याने १८०३ मध्ये आपल्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढाई केली. १८०३ असई, १८०५ ट्रॅफल्गर, १८१५ वॉटर्लू. त्यातली ट्रॅफल्गर समुद्रावरची आणि नेल्सनची. यातलं मराठी काही परीक्षेत येणार नाही, पण खुंटी घट्ट असली की तिच्यावर टांगलेलं पडत नाही. ज्यांना शिवकाळ असा तोंडपाठ नाही त्यांना याचा उपयोग कमी. त्यांनी धाग्यावरच भर द्यावा.

आता चुका नक्की कुठे होतात ते सांगते, कारण तुमचे आठ प्रश्न बहुधा इथेच गेले असतील. सारखी दिसणारी नावं आणि जोडीच्या घटना. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराची तीन 'ब' घ्या. बेव्हरिज, बटलर, बेव्हन. बेव्हरिज अर्थतज्ज्ञ, त्याने १९४२ ला अहवाल लिहिला. बटलर शिक्षणाचा, १९४४ चा कायदा, इंग्लंड आणि वेल्समध्ये मोफत माध्यमिक शिक्षण. बेव्हन आरोग्यमंत्री, १९४८ ला एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा. आणि एनएचएस आली तेव्हाचा पंतप्रधान या तिघांपैकी कोणीच नाही, तो ॲटली. प्रश्नात चारही नावं पर्याय म्हणून शेजारी शेजारी ठेवलेली असतात. वहीच्या एका पानावर चार रकाने आखा: नाव, काय केलं, साल, पक्ष किंवा पद. हे पान रोज एकदा डोळ्यांखालून घाला.

अशीच आणखी पानं करा. गुलामांचा व्यापार बंद झाला १८०७ ला. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरीच रद्द करणारा कायदा आला १८३३ ला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्त्रियांना मत १९१८ ला, पण तिशीच्या वर आणि अटींसह. पुरुषांच्या बरोबरीने एकविसाव्या वर्षी मिळालं १९२८ ला. सगळ्यांसाठी वय अठरावर आलं १९६९ ला. दोन मेरी: पहिली मेरी आठव्या हेन्रीची मुलगी, कट्टर कॅथलिक, इंग्लंडची राणी. दुसरी मेरी स्कॉटलंडची राणी, इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीची नात्यातली बहीण, जिला एलिझाबेथने वीसेक वर्षं कैदेत ठेवून शेवटी मारलं आणि जिचा मुलगा जेम्स १६०३ ला दोन्ही देशांचा राजा झाला. डंकर्क आणि बॅटल ऑफ ब्रिटन १९४० ची, पहिली माघार आणि दुसरी विमानांची लढाई. डी-डे, म्हणजे मित्रराष्ट्रांचं सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलं तो दिवस, ६ जून १९४४ चा. आणि भूगोलातला कायमचा सापळा: ग्रेट ब्रिटन म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, त्यात नॉर्दर्न आयर्लंड धरलं की यूके. आइल ऑफ मॅन आणि चॅनल आयलंड्स यातल्या कशातच नाहीत.

सराव परीक्षा सोडू नका, फक्त वापरायची पद्धत बदला. एक प्रश्न घेऊन दाखवते. 'हाऊस ऑफ कॉमन्सचा स्पीकर कोण निवडतं?' पर्याय: राजा, पंतप्रधान, मतदार, खासदार. उत्तर खासदार, तेही गुप्त मतदानाने. इथेच पुढे सरकू नका. उरलेले तीन का चुकले ते मोठ्याने बोला. राजा काय करतो? निवडणूक झाल्यावर सरकार बनवायला बोलावतो, कायद्याला संमती देतो. पंतप्रधान काय करतो? मंत्री नेमतो. मतदार काय करतात? आपल्या मतदारसंघाचा खासदार निवडतात. स्पीकरही अशाच एका मतदारसंघाचा खासदार असतो, पण त्या पदावर तटस्थ राहतो. एका प्रश्नातून चार-पाच गोष्टी पक्क्या झाल्या, आणि यातली कुठलीही उद्या वेगळ्या शब्दांत विचारली तरी अडणार नाही. दिवसाला असे दहा प्रश्न केलेत तरी पुरे. नुसती बोटं चालवून केलेल्या शंभरांपेक्षा ते जास्त देतात.

सरकारच्या प्रकरणात आपली भारतीय सवय आड येते, तिथे सावध राहा. बरंच आपल्यासारखं आहे, म्हणून उरलेलंही तसंच असेल असं मन धरून चालतं. राज्यसभेचे बहुतेक सदस्य आमदारांच्या मतांनी निवडून येतात. हाऊस ऑफ लॉर्ड्सचे सदस्य जनता निवडत नाही. आपली राज्यघटना एका ग्रंथात आहे. इथली अनेक कायदे, प्रथा आणि संकेतांत विखुरलेली आहे. आपल्याकडे ज्युरी उरलेली नाही. इथे इंग्लंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये ज्युरीत बारा जण असतात, स्कॉटलंडमध्ये पंधरा. स्कॉटलंडचं पार्लमेंट एडिनबरोला, वेल्सचं सेनेड कार्डिफला, नॉर्दर्न आयर्लंडची असेंब्ली बेलफास्टजवळ स्टॉर्मॉन्टला. शिक्षण त्यांच्या हातात. संरक्षण, परराष्ट्र धोरण आणि इमिग्रेशन लंडनकडे. एक गोष्ट परीक्षेपलीकडचीही सांगते, कारण इथल्या बऱ्याच मराठी घरांत ती माहीत नसते: भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे, वैध व्हिसावर इथे राहणाऱ्या तुम्हाला आजही इथल्या निवडणुकांत मत देता येतं. मतदार यादीत नाव नोंदवा. मतदान केंद्रावर ओळख म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो.

चौथ्या प्रकरणावर फार वेळ घालवू नका. चार संतांचे दिवस (डेव्हिड १ मार्च, पॅट्रिक १७ मार्च, जॉर्ज २३ एप्रिल, अँड्र्यू ३० नोव्हेंबर), कोणता संत आणि कोणतं फूल कोणत्या देशाचं, शोध आणि शोधक, खेळाडू आणि त्यांचे खेळ: एवढ्याचे तक्ते करून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावा. पुस्तकात आकडा एक आणि बातमीत दुसरा दिसला, तर परीक्षेपुरतं पुस्तक धरा. प्रश्न बातम्यांवरून काढलेले नसतात.

मराठी माध्यमाबद्दल एवढंच: पुस्तक इंग्रजीतच वाचा. मराठीत समजून घ्यायला काहीच हरकत नाही, पण नावं आणि संज्ञा इंग्रजीतच डोळ्यांना पडायला हव्यात, कारण पडद्यावर त्याच येणार. रोज अर्धा तास मोठ्याने वाचा. प्रश्नांचे चार प्रकार असतात: चारातलं एक बरोबर, चारातली दोन बरोबर, खरं की खोटं, आणि दोन विधानांतलं कुठलं बरोबर. दोन निवडायच्या प्रश्नात दोन्ही उत्तरं बरोबर यावी लागतात. घाईत एकच निवडून पुढे जाणं ही अगदी नेहमीची चूक आहे. परीक्षेत प्रश्न दोनदा वाचा, दुसऱ्यांदा फक्त किती उत्तरं मागितलीत ते बघायला. जिथे शंका असेल तो प्रश्न खूण करून ठेवा आणि शेवटी परत या.

वीस दिवसांची मांडणी ढोबळ अशी ठेवा. पहिले आठ दिवस फक्त इतिहास. पुढचे चार सरकार आणि कायदा, दोन-तीन समाजाचं प्रकरण, एक दिवस पहिली दोन प्रकरणं. प्रत्येक भागाच्या शेवटी पुस्तकात 'हे समजलंय का ते तपासा' अशा अर्थाची एक चौकट असते. तिच्यातला एकेक मुद्दा पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत सांगता आला तरच पुढे जा. शेवटचे चार दिवस जोड्यांची पानं आणि सराव. नोकरी आणि मुलं सांभाळून हे जमत नसेल तर आठवडाभर पुढची तारीख घ्या. दर वेळी ५० पाउंड जातात आणि नापास झाल्यावर सात दिवस थांबावं लागतं. व्हिसा संपायची तारीख जवळ असेल तर मात्र पुढे ढकलण्याआधी ती पाहा. अर्ज करताना पास झालेलं असणं आवश्यक आहे, म्हणून परीक्षा अगदी शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

आता नावाचं. बुकिंग फक्त सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरून, किमान तीन दिवस आधी करा. बुकिंग करताना जे ओळखपत्र दिलं तेच परीक्षेला न्यायचं आणि नाव त्याच्याशी अक्षरशः जुळायला हवं. आपल्याकडे पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यातच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. रोजच्या व्यवहारात आपण ते वगळतो आणि बुकिंगमध्येही वगळलं जातं. तसं झालं तर केंद्रावरून परत पाठवतात आणि पैसेही जातात. म्हणून पासपोर्ट समोर उघडा ठेवून, रकान्यात जे आहे ते सगळं त्याच क्रमाने भरा. स्पेलिंगमध्ये चूक दिसली तर आधीच बुकिंग दुरुस्त करून घ्या. परीक्षेच्या ७२ तासांहून आधी रद्द केलं तर पैसे परत मिळतात.

पुन्हा द्यावी लागेल का? नाही. आयएलआरसाठी पास झालात की तोच निकाल नागरिकत्वाला चालतो, त्याची मुदत संपत नाही. ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना ही परीक्षाच नाही, हे सासू-सासरे तुमच्याबरोबर असतील तर लक्षात ठेवा. इंग्रजीची अट मात्र वेगळी आहे आणि ही परीक्षा पास झाल्याने ती सुटत नाही. भारतातली पदवी इंग्रजी माध्यमातली असेल तर एक्टिस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून तसं पत्र मिळवता येतं; नसेल तर मान्यताप्राप्त केंद्रावर बोलण्या-ऐकण्याची परीक्षा द्यावी लागते. कुठली पातळी लागते आणि किती वर्षांनी आयएलआर मिळतं, या दोन्ही गोष्टींचे नियम सध्या बदलताहेत. म्हणून मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी काय केलं ते न धरता, अर्ज भरायच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर तुमच्या व्हिसाच्या प्रकाराचं पान वाचा.

नागरिकत्व घ्यायचं की आयएलआरवरच थांबायचं हा निर्णय दोघांनी स्वतंत्रपणे घ्या. ब्रिटिश झालात की भारतीय नागरिकत्व संपतं, पासपोर्ट जमा करावा लागतो आणि पुढे भारतात जायला ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) किंवा व्हिसा काढावा लागतो. नवऱ्याने घेतलं म्हणून तुम्ही घ्यायलाच हवं असं नाही. काही घरांत एकजण आयएलआरवरच राहतो, गावाकडच्या शेतजमिनीमुळे किंवा आई-वडिलांमुळे.

 पास झालात की जो संदर्भ क्रमांक मिळतो तो फोनमध्ये फोटो काढून, ईमेलवर स्वतःलाच पाठवून आणि पासपोर्टच्या फाइलमध्ये कागदावर लिहून, असा तीन ठिकाणी ठेवा. आयएलआरच्या अर्जात तोच लागतो आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जातही तोच विचारतात.